खारकेचा शेर कोणता?

एका गावात एक भिंत होती. तुम्ही म्हणाल, भिंत कुठल्या गावात नसते? पण ही भिंत जरा आगाऊ होती. मातीची, मधेच पोट सुटलेली, अन् कोनाड्यात तिला भोक पडलेलं. मूठ आरपार जाईल एवढं. भोक बुजवायचं काम दोन्ही घरांनी एकमेकांवर ढकललेलं, त्यामुळं ते मजेत होतं.

भिंतीच्या अलीकडं एक बाई राहायची. तिच्या नवऱ्याचं किराण्याचं दुकान, म्हणून घरात तराजू. पलीकडं दुसरी बाई. तिच्याकडं सासूनं दिलेलं पितळी माप, एका अंगाला चेपलेलं. गावानं एकीला नाव ठेवलं तराजूकाकू, दुसरीला मापकाकू. खरी नावं दोघींच्या नवऱ्यांना ठाऊक असतील, पण ती घ्यायची त्यांची छाती नव्हती.

तराजूकाकू तोलल्याबिगर काही करायची नाही. मीठ तोलायची, हळद तोलायची. नवऱ्यानं दुसऱ्यांदा भात मागितला की त्याच्याकडं अशी बघायची, जशी आता त्यालाच तागडीत बसवते. मापकाकूचं उलटं. ती सगळं मापानं करायची. पाऊस किती झाला विचारलं, तर म्हणायची, "अंगणात ठेवलं होतं. निम्मं भरलं."

आता ही गोष्ट जुन्या काळची आहे, तवा किलो नव्हता, लिटर नव्हता. शेर होता. अन् गंमत बघा, शेर एक नव्हता, दोन होते. एक शेर लोखंडाचा, तागडीत टाकून तोलायचा. दुसरा शेर पितळेचा, भरून ओतायचा. नाव दोघांचं एकच! शेरभर ज्वारी म्हटलं की लोक माप पुढं करायचे. शेरभर गूळ म्हटलं की वजन काढायचे. खारीक, खोबरं, बेदाणा यांचं काय करायचं, ते ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीवर.

दोघी बाया डिंकाचे लाडू करायच्या. गावात कुणी बाळंत झालं की लाडू लागायचेच. तराजूकाकूचे लाडू वाईट नव्हते हं. पोट भरायचं. खाणारी बाळंतीण म्हणायची, "चांगला झालाय." अन् पाणी मागायची.

मापकाकूचा लाडू खाल्ला की कुणी काही म्हणायचंच नाही. बाळंतीण डोळे मिटायची. अन् दुसऱ्या लाडवाकडं हात जायचा.

हेच तराजूकाकूला सोसत नव्हतं. भोकाला कान लावायची अन् पलीकडं कोण आलं, कोण गेलं ऐकायची. कुणी "वा!" म्हटलं, की इकडं तिची भाकरी तव्यावर करपायची. नवरा विचारायचा, "काय जळतंय?" ती म्हणायची, "काही नाही." खरं तर भाकरी थोडीच जळत होती. जास्त दुसरंच जळत होतं.

आतापर्यंत जळणं फुकटचं होतं. पण पुढं तराजूकाकूची एकुलती एक लेक, ठकू, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पोरगी झाली. गोरीगोमटी, आवाजानं खणखणीत. ठकू मात्र सुकून गेली. चेहरा पांढरा, उठली की भोवळ. पेज नको, भात नको.

तराजूकाकू बाजेच्या काठावर बसली. "ठकू, काय खावंसं वाटतंय गं? सांग तर."

ठकू म्हणाली, "आई, पलीकडच्या मावशीचा लाडू आण ना एक."

घ्या! घाव ऐन छातीत बसला की हो. स्वतःच्या पोटची पोर, स्वतःच्या बाजेवर पडलेली, अन् लाडू मागते कुणाचा?

त्याच दुपारी मापकाकूनं भोकातून एक चिंचोळा डबा पुढं केला. "आक्का, ए आक्का! ठकूला लाडू केलेत. घे बाई, ताजे आहेत."

तराजूकाकूनं डब्याकडं बघितलं. तुपाचा वास नाकात गेला. लेक आत झोपलेली होती. तिनं डबा तसाच मागं ढकलला.

"आमच्या ठकूला खारीक सोसत न्हाई," म्हणाली.

"सोसत न्हाई? लहानपणी तर माझ्या बरणीतल्या खारका चोरून खायची."

"तवा सोसायची. आता न्हाई सोसत."

 डबा मागं गेला. ठकूला ह्यातलं काहीच कळलं नाही. संध्याकाळी तिनं विचारलं, "आई, लाडू?" आई म्हणाली, "करते. मी करते. असा करते, की त्या मावशीचं नाव काढणार न्हाईस."

आता करायचा म्हणजे मापकाकूसारखाच करायला पाहिजे. अन् तिच्यासारखा करायचा, तर तिला विचारायला पाहिजे. दोन पावलांवर ती, मधे मूठभर भोक. "वैनी, कसा करतेस गं?" एवढंच म्हणायचं. पण तराजूकाकूच्या गळ्याशी ते शब्द आले, अन् आवंढ्याबरोबर खाली गेले.

मग तिनं वाट बघितली. दुसऱ्या कुणाच्या तरी बाळंतिणीसाठी मापकाकू लाडवाला बसली, तशी ही कोनाड्यात डोकं घालून उभी राहिली. मापकाकूला माप भरताना मोठ्यानं मोजायची सवय.

"खारीक, लाभ! खोबरं, लाभ... दोन! बेदाणा निम्मा. डिंक, लाभ! गूळ, लाभ! झालं बाई. शेराचं गणित सोपं."

झालं! लाभ म्हणजे एक असणार, असं तराजूकाकूनं धरलं, अन् तिला सगळं मिळालं. खारीक एक शेर, खोबरं दोन शेर, बेदाणा अर्धा शेर, डिंक एक शेर, गूळ एक शेर. ती नाचतच घरात आली अन् तराजू काढला. कारण तिच्या घरात शेर म्हणजे तो लोखंडाचा, दुसरा कुठला?

शेरभर खारीक तोलली. ठीक. मग दोन शेर खोबऱ्याचा कीस तोलायला घेतला. टाकते, टाकते, तागडी हलतच नाही! कीस कसला, वाऱ्यानं उडणारा. दुकानातली निम्मी पोती धुंडाळून खोबऱ्याच्या वाट्या आणल्या, किसल्या, किसता किसता बोटं सोलली. परातीत कापसाच्या गंजीगत ढीग झाला. तरी तिला वाटलं, हेच गुपित असणार. ती भवानी सढळ हातानं घालते, म्हणूनच लोक डोळे मिटतात.

मग शेरभर डिंक तोलला अन् तुपात सोडला. तुम्ही डिंक तळताना बघितलाय का? इवलासा खडा तुपात पडला की लाहीगत फुलतो. शेरभर डिंक फुलला, तर काय झालं असेल? कढई भरली. परात भरली. घागर भरली. नवरा दुकानातून आला, तर स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही.

"हे काय गं? हिवाळ्यात गारा पडल्या का घरात?"

"तुम्ही गप बसा. दुसरी परात आणा."

अन् एवढ्या ढिगाला गूळ किती? शेरभर. लाडू वळायला घेतला, मूठ दाबली, मूठ उघडली, भुरभुर भुरभुर सगळं खाली. एकही वळेना. शेवटी एक कसाबसा धरून ठकूच्या तोंडाशी नेला. वाटेतच तो फुटला, अन् अर्धा तान्हीच्या दुपट्यावर पडला.

ठकू म्हणाली, "आई, भुकटी छान झालीय." बिचारी गुणाची पोर.

नवऱ्यानं एक चिमूट तोंडात टाकली. "तू शेर शेर करतेस, पण ती काय म्हणत होती मोजताना?"

"लाभ म्हणत होती. खारीक लाभ, खोबरं लाभ."

नवरा खो खो हसायला लागला. "अगं, पहिलं माप भरताना एक म्हणत न्हाईत, लाभ म्हणतात. धान्याच्या राशीवर बघितलं न्हाईस कधी? तागडीला कोण लाभ म्हणतं? मापानं भरते ती, मापानं!"

तराजूकाकूचं तोंड बघण्यासारखं झालं. एवढं साधं! कान भोकाला लावून लावून लाल झाले, अन् ऐकू काय आलं? जेवढं ऐकायचं होतं तेवढंच.

असं झाल्यावर तरी विचारावं माणसानं. पण नाही. तिनं कुणाकडून तरी एक माप उसनं आणलं. आता तिला वाटलं, आपण जिंकलो. खारीक आधी कुटली, बारीक पूड केली, अन् ती मापात भरली. पूड बसली. अजून बसली. तिनं मुठीनं दाबली. "तिच्यापेक्षा कमी कशाला घालू?" म्हणाली, अन् अजून दाबली. खोबऱ्याचा कीस तर असा ठासला, की माप उपडं केलं तरी पडेना. मागचा लाडू विस्कटला होता, म्हणून ह्या वेळी डिंक चिमूटभरच घातला, अन् गूळ कढईत ठेवून चांगला आटवला. अजून जरा आटवला.

लाडू वळले. गोल गरगरीत, चकचकीत. ओळीनं मांडले, तशी तिची छाती फुगली. अन् गार झाल्यावर? एक लाडू हातातून निसटला. जमिनीवर टण्णकन वाजला, गडगडत मांजरापर्यंत गेला. मांजर ओरडून पळालं.

भोकातून आवाज आला, "आक्का, काय पडलं गं? वरवंटा का?"

"हो, वरवंटा!"

"अन् परवाच्याला तुझ्या उकिरड्यावर खारकेच्या बिया बघितल्या मी ढीगभर. सोसत न्हाई म्हणालीस ना पोरीला?"

"बिया सोसत न्हाईत. म्हणून टाकल्या."

पलीकडं कुणीतरी पदर तोंडात धरून हसलं. अलीकडं तराजूकाकूच्या अंगाची लाही झाली. ठकू लाडवाला दात लावून बघत होती, मग चोखायला लागली. तिचे गाल आणखी आत गेले होते. तिच्या कुशीत तान्ही रडत होती, कारण आईला दूधच पुरेसं येईना.

आता तराजूकाकूला भलतंच सुचलं. तिच्या मनानं घेतलं, की सगळी जादू त्या चेपलेल्या मापात आहे. सासूचं माप, जुनं पितळ, काहीतरी मंतरलेलं असणार. दुसऱ्या दिवशी मापकाकू धुणं घेऊन नदीवर गेली, तशी हिनं भोकात हात घातला. खांद्यापर्यंत घातला. बोटांनी चाचपडत पलीकडच्या कोनाड्यातलं माप धरलं, अन् चेपल्या अंगानं आडवं करून ओढून घेतलं. घरात आणलं, अन् ज्वारीच्या कणगीत खोल पुरून टाकलं.

वापरायची हिंमत होईना. पण एक गोष्ट पक्की झाली. आता पलीकडंही लाडू होणार नाहीत! तिला इतकं बरं वाटलं, की दुपारी तिची भाकरी पहिल्यांदाच करपली नाही.

संध्याकाळच्या आत दारात मापकाकू उभी. भोकाशी नाही, दारात. पदरात काहीतरी गच्च धरलेलं. चेहरा उतरलेला.

"आक्का, माझं माप गेलं गं."

"कुठं गेलं?" तराजूकाकूनं विचारलं, अन् तिची नजर आपोआप कणगीकडं गेली. तिनं ती ओढून छपराकडं नेली.

"देव जाणे. मला तोलता येत न्हाई, तुला ठाऊक आहे. माप न्हाई तर माझे हात तुटल्यासारखे झालेत." मग तिनं पदर उघडला. खारीक, खोबऱ्याच्या वाट्या, डिंकाची पुडी. "ठकूसाठी आणलं होतं. रागावू नकोस. तू न्हाई म्हणालीस, पण पोरगी भोकातून हळूच म्हणाली मला, मावशी, लाडू. काल संध्याकाळी. म्हटलं करावा, अन् तुझ्या हातानं द्यावा. तुझा म्हणून दे. मी सांगणार न्हाई कुणाला."

तराजूकाकू उभीच राहिली.

तिच्यासमोर आता दोन वाटा. गप्प बसली तर? मापकाकू रिकाम्या हातानं परत जाणार. तिचं नाव गावातून उतरणार. ज्यासाठी इतकी वर्षं जीव जाळला, ते आज आयतं घडणार होतं. फक्त तोंड बंद ठेवायचं. तिला एक क्षण लई गोड वाटलं, खोटं कशाला सांगू!

आतून ठकूचा आवाज आला. बारीक. "आई, भूक लागलीय गं."

तराजूकाकू कणगीकडं गेली. बाही सावरली, हात ज्वारीत घातला कोपरापर्यंत, अन् माप बाहेर काढलं. मापातून ज्वारी सांडली. ती मापकाकूकडं बघेना. जमिनीकडंच बघत राहिली.

मापकाकूनं मापाकडं बघितलं. कणगीकडं बघितलं. मग भिंतीतल्या भोकाकडं. अन् कमरेवर हात ठेवून मापालाच दटावायला लागली.

"काय रे मेल्या! पाय फुटले व्हय तुला? आमच्या घरी ज्वारी मिळत नव्हती, म्हणून इकडं आलास?"

तराजूकाकूला वाटलं होतं, आता शिव्या बसतील, गाव गोळा होईल. त्याऐवजी हे. तिला हसू फुटलं, अन् हसता हसता डोळ्याला पदर लावावा लागला.

"वैनी," ती म्हणाली, अन् गळ्यात इतके दिवस अडकलेलं एकदाचं बाहेर आलं, "खारकेचा शेर कोणता गं तुझा? कसा भरतेस? मला सांग."

"अगं बाई, एवढंच? मग विचारलं का न्हाईस?"

"जळत होते."

"एवढी?"

"लई."

मापकाकू फतकल मारून बसली. "तर मग ऐक. खारीक सबंध भरायची, बियांसकट, न कुटता. वर शीग न्हाई लावायची, हात फिरवून सपाट. मग बिया काढून कुटायची. कीस हलक्या हातानं ओतायचा, दाबायचा न्हाई. डिंक तळून फुलवायचा, अन् मग मापायचा. गूळ तेवढा दाबून भरायचा. विरघळला की लगेच उतरवायचा, आटवायचा न्हाई."

"आधी तळायचा अन् मग मापायचा!" तराजूकाकूनं कपाळावर हात मारला. घागरभर डिंक तिच्या डोळ्यांपुढं उभा राहिला.

"पण आक्का, माझं माप असं पुन्हा हिंडायला गेलं तर?" मापकाकू डोळा बारीक करून म्हणाली. "तुझ्या तराजूत बघ ना, माझ्या शेरात तुझे किती शेर मावतात. मला येत न्हाई ते."

तिनं खारकांनी भरलेलं माप तसंच उचलून तागडीत ठेवलं. तराजूकाकू ओरडली, "अगं थांब! पितळ पण तोलतेस का? आधी धडा करू दे." तिनं माप रिकामं केलं, ते एका तागडीत ठेवलं, अन् दुसरीत खडे टाकत गेली, दोन्ही तागड्या सारख्या होईपर्यंत. मापाचं वजन फिटलं. "हां. आता भर."

मापकाकू बघतच राहिली. "बाई गं! हे मला कधी सुचलं नसतं. मी पितळ धरून तोललं असतं. सांगू का, तुझ्या दुकानातल्या तराजूकडं बघून मी पण कितीदा जळलेय. दांडी अशी झुलते, की राणी वाटतेस."

"खरं?"

"तर!"

तराजूकाकूला इतका आनंद झाला, की एक वजन हातातून पडलं.

मग दोघींनी मापं भरली अन् तोलली. मापाच्या शेरभर सबंध खारका तागडीत जेमतेम अर्धा शेर भरल्या. मापभर खोबऱ्याचा कीस पावशेराच्या थोडा वर. बेदाणा पाऊण शेराला जरा कमी. दाबून भरलेला गूळ मात्र शेराला शेर. अन् फुललेला डिंक? माप शिगोशीग दिसतंय, अन् तागडीत पावशेराचंसुद्धा अर्धं!

"अन् मी शेरभर तळला," तराजूकाकू पुटपुटली.

"म्हणूनच तुझा नवरा गारा पडल्या म्हणून ओरडत होता व्हय!" मापकाकू जमिनीवर लोळून हसली.

लाडू झाले. गरम गरम वळले, मापकाकूनं भाजलं अन् तराजूकाकूनं वळलं. ठकूनं पहिला घास घेतला. दोघी बाजेच्या दोन बाजूंना उभ्या.

ठकूनं डोळे मिटले. काही बोलली नाही. तिचा हात दुसऱ्या लाडवाकडं गेला.

"आई," तोंड भरलेलं असतानाच तिनं विचारलं, "हा कुणी केला?"

तराजूकाकूच्या जिभेवर "मी" आलं होतं. अगदी टोकाशी आलं होतं. मापकाकू मुद्दाम खिडकीबाहेर बघायला लागली, हिला सोपं जावं म्हणून.

"तुझ्या मावशीनं," तराजूकाकू म्हणाली. "मी नुसता वळला."

ते म्हणताना तिला थोडं जळलं. थोडंच. पण लेक तिसऱ्या लाडवाला हात घालत होती, अन् तान्ही निवांत झोपली होती.

आता तुम्हाला वाटेल, त्या दिवसापासनं तराजूकाकूचा हेवा पार विझला. छे हो! कुणी "वा!" म्हटलं की अजून तिच्या पोटात ठिणगी पडायची. फक्त आता ती भाकरी उतरवून ठेवायची, भोकाला कान न लावता तोंड लावायची, अन् ओरडायची:

"वैनी, मी जळायला लागलेय गं! काय शिजवलंस, सांग लौकर!"

अन् पलीकडून वाटी यायची. भोक जरा मोठं करून घेतलं होतं दोघींनी, वाटी आडवी जावी म्हणून.

तर पोरांनो अन् थोरांनो, शेवटी सांगायचं तात्पर्य: चोरून ऐकलं तर शेर कळतो, पण कोणता शेर ते कळत नाही. ते तोंड उघडून विचारावंच लागतं.